जिंकले आणि मैदानाबाहेर गेले : वर्किंग्टन कॉमेट्सचा २०१८ चा सीझन

मुक्काम_कंब्रिया

मंडळी, हा धागा तीन-चार वर्षं डोक्यात आहे. आज लिहूनच टाकतो.

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, आयरिश समुद्राच्या काठावर वर्किंग्टन नावाचं गाव आहे. कोळशाच्या खाणी संपल्या, पोलादाचा कारखाना गेला, जगभर रेल्वेचे रूळ पुरवणारी मिलही २००६ मध्ये बंद झाली. शेजारच्या गावात हॉस्पिटलच्या नोकरीमुळे आमचा मुक्काम पडला. पाऊस कोकणासारखाच, फक्त गार. ओळखीचं कुणी नाही. एकदा वॉर्डातला पोर्टर म्हणाला, "डॉक्टर, शनिवारी संध्याकाळी काय करताय? कॉमेट्स बघायला चला."

कॉमेट्स म्हणजे गावाचा स्पीडवे संघ. डरवेंट पार्क नावाचं रग्बीचं स्टेडियम, आणि रग्बीच्या हिरवळीभोवती अंडाकृती ट्रॅक. त्यावर लाल दगडाचा बारीक चुरा पसरलेला, त्याला शेल म्हणतात. चार जण मोटरसायकली घेऊन सुरुवातीच्या रेषेवर ताणलेल्या टेपसमोर उभे राहतात. ५०० सीसीचं एकच सिलिंडर, पेट्रोलऐवजी मिथेनॉल, एकच गिअर आणि ब्रेक अजिबात नाही. टेप वर उडते आणि चौघं पहिल्या वळणात एकदम घुसतात. मागचं चाक बाहेर फेकायचं, पुढचं चाक उलट दिशेला वळवायचं, डावा पाय जमिनीवर घसरत ठेवायचा. चार फेऱ्या, साधारण एक मिनिट. पाणी प्यायला मान वळवली की शर्यत हुकलीच.

माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. मांडीवर सामन्याची पत्रिका, हातात सुतळीने बांधलेलं बॉलपेन. प्रत्येक हीट, म्हणजे एकेक शर्यत, संपली की चौघांच्या नावापुढे गुण लिहायच्या, खाली बेरीज करायच्या, मग थर्मासमधला चहा. वळणावरून शेलचा फवारा आला की चहावर लाल कण तरंगायचे. त्या फुंकर मारून ते कडेला सारायच्या आणि प्यायच्या. माझी पत्रिका कोरी बघून त्यांनी ती ओढूनच घेतली आणि पहिल्या चार हीटचे गुण भरून परत दिली. "आता पुढचं तू लिही." त्या दिवसापासून मी लिहायला लागलो.

हा ब्रिटनच्या दुसऱ्या फळीतला संघ. वरची लीग प्रीमियरशिप, तिच्या खालची ही चॅम्पियनशिप. वर्किंग्टनला हा संघ आला १९७० मध्ये. मध्ये बंद पडला, १९९९ मध्ये कायमचा म्हणून परत आला. एवढ्या वर्षांत लीग एकदाही जिंकली नव्हती. आणि २०१८ मध्ये आमच्या डोळ्यांदेखत संघाने लीग जिंकली, नॉकआऊट कप जिंकला, शील्डही जिंकली. एका सीझनमध्ये तिन्ही. गावात लोक रडले. खरंच रडले, मी पाहिलंय.

२०१९ च्या सीझनला वर्किंग्टनचा संघ नव्हता. डरवेंट पार्क पाडून तिथे २०२१ च्या रग्बी लीग विश्वचषकासाठी नवं स्टेडियम बांधायचा घाट घातला होता, त्यात स्पीडवेचं काय होणार याचा भरवसा नव्हता. मग २०१९ मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या, परिषदेत सत्ता बदलली आणि नव्या स्टेडियमचा बेतच रद्द झाला. म्हणजे संघही गेला आणि स्टेडियमही झालं नाही.

माझा प्रश्न हा : असा छोट्या गावाचा, खालच्या फळीतला संघ नेमका टिकतो कशावर? जिंकण्यावर नाही, हे तर दिसलं. तुमचे अनुभव लिहा. स्पीडवेच पाहिजे असं नाही, पण स्पीडवे पाहिलेलं कुणी असेल तर फारच आनंद होईल.

सतरंजी_टाकून

वाचनखूण साठवली. आजीबाई फार आवडल्या.

उमा_डोंबिवली

डॉक्टर, मी पाहिलाय! लेक ग्लासगोला असते. तिने मला ॲशफिल्डला नेलं होतं, ग्लासगो टायगर्सचा सामना. मला आधी वाटलं, जत्रेतला मौत का कुआँ असेल. जावई म्हणाले, आई, ही भिंत नाही, सपाट आहे, आणि इथे चौघं एकत्र असतात.

पण मला गुणांचं गणित कळलं नाही. लोक पाचव्या शर्यतीनंतरच "आता अवघड आहे" म्हणायला लागले. ते कसं?

सायलेन्सर

उमाताई, सोपं आहे. प्रत्येक हीटमध्ये दोन्ही संघांचे दोन-दोन रायडर. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला ०. म्हणजे एका हीटमध्ये ६ गुण. १५ हीट, एकूण ९०. बरोबरी ४५-४५, विजय ४६ पासून.

दोघं साथीदार पहिले-दुसरे आले तर ५-१, एका फटक्यात चार गुणांची आघाडी. ते पुसायला समोरच्यांना तेवढाच मोठा फटका मारावा लागतो. ३-३ होत राहिलं तर आघाडी हलतच नाही. म्हणून पाचव्या हीटला आठ-दहा गुण मागे पडलं की लोकांचे चेहरे उतरतात.

हेल्मेटचे रंग : घरचा संघ लाल-निळा, पाहुणा पांढरा-पिवळा. संघात सात जण. दुसरी हीट राखीव खेळाडूंची, म्हणजे नवशिक्यांची. पंधराव्या हीटला दोन्ही मॅनेजर आपले त्या दिवशीचे सर्वांत चांगले दोघं उतरवतात. सामना अटीतटीचा असेल तर ती पंधरावी हीट बघण्यासारखी दुसरी गोष्ट नाही.

मी पुण्यात गाड्यांच्या इंजिनावर काम करतो. सामने ऑनलाइन बघतो, ब्रिटिश स्पीडवेचं स्वतःचं स्ट्रीमिंग आहे. रात्री झोपायला दोन वाजतात, घरचे बोलतात, पण चालायचंच.

तर्ककर्कश

धागा छान आहे, पण प्रश्नाचं उत्तर मला तरी सरळ वाटतं. प्रेक्षक कमी झाले, संघ बंद पडले. खेळ काळाबरोबर येतात आणि जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पीडवेला अफाट गर्दी असायची, कारण घरी टीव्ही नव्हता. आता लोकांना घरी बसून शंभर गोष्टी बघता येतात. त्यात आवाज, धूळ, रायडरची हाडं मोडणं. अशा खेळाला आपण भावनेपोटी किती धरून ठेवायचं? डॉक्टर, तुम्ही स्वतः हॉस्पिटलात होतात, तुम्हाला हे माझ्याहून चांगलं माहीत.

मुक्काम_कंब्रिया

तर्ककर्कश, हाडं मोडतात हे अगदी खरं. कॉलरबोन, मनगट, मांडीचं हाड. वळणावर हवेचं कुंपण असतं, म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या गाद्या, त्यांनी बरंच वाचतं, सगळं नाही. स्पीडवेत जायबंदी झालेल्या रायडरसाठी वेगळा मदतनिधी आहे, सामन्याच्या मध्यंतरात त्यासाठी बादल्या फिरतात. पहिल्यांदा बादली समोर आली तेव्हा मी दोन पौंड टाकले. कामाच्या जागी ज्यांना पाहतो त्यांच्यासाठी हे, असं वाटलं. पुढच्या वेळी जास्त टाकले.

प्रेक्षक कमी झाले हेही मान्य. पण लेकसाईडचं काय म्हणाल? २०१८ च्या अंतिम सामन्यात वर्किंग्टनसमोर होते लेकसाईड हॅमर्स. लंडनच्या पूर्वेला पर्फ्लीटला त्यांचं आरीना एसेक्स. ती जागा विकासकामासाठी गेली आणि सीझन संपायच्या आत त्यांना राय हाऊसच्या ट्रॅकवर आसरा घ्यावा लागला. दुसऱ्याच्या अंगणात घरचे सामने खेळून ते फायनलपर्यंत आले. २०१९ ला तेही नव्हते. म्हणजे एका वर्षीचा विजेता आणि उपविजेता, दोघंही पुढच्या वर्षी टेपसमोर नाहीत. हे फक्त टीव्हीमुळे झालं असं मला नाही वाटत.

मैदानी

डॉक्टर, तुमचा हा शेवटचा परिच्छेद वाचून कांगा लीग आठवली.

मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो : डॉ. होरमसजी कांगांच्या नावाने १९४८ पासून पावसाळ्यात होणारी क्रिकेट लीग. ए पासून जी पर्यंत डिव्हिजन. मी एफ डिव्हिजनला खेळलो. विकेट उघडी, चेंडू कधी छातीवर, कधी घोट्यावर. बघायला कोण? दोन आजोबा, एक चहावाला आणि आमच्यातल्या एकाचा धाकटा भाऊ, तोही स्कोअर लिहायला. पण सात दिवस आम्ही त्या रविवारचीच वाट बघायचो. क्लब जिवंत होता तो मैदानावरच्या तंबूमुळे. तंबूची जागा आहे तोवर क्लब आहे. पोरं येतात, जातात, म्हातारे होतात. जागा गेली की मग कितीही चांगली पोरं असू देत, कुठे जमणार? रस्त्यावर?

म्हणून माझं उत्तर : जागा.

चाकणचा_गाडा

मैदानीभाऊंना जोरात अनुमोदन.

आमच्याकडे बैलगाडा. घाट म्हणजे शर्यतीचा चढ. गाडा किती सेकंदांत वर गेला त्यावर नंबर. इथंही पापणी लवली की संपलं. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा गावोगावचे घाट ओस पडले. २०२१ च्या डिसेंबरात शर्यती परत सुरू झाल्या, २०२३ मध्ये कायदा न्यायालयात टिकला. पण मधल्या वर्षांत काय झालं? ज्या गावाने घाट राखला तिथे पहिल्याच यात्रेला गर्दी. ज्या गावात घाटाच्या वाटेवर बांधकाम झालं, तिथले गाडामालक आता दुसऱ्या गावी जातात. बैल होते, माणसं होती, हौस होती. घाट नव्हता.

आणि ती आजी शेलचा चहा पिते, आमची आजी घाटाच्या कडेला बसून धुळीतली भजी खाते. एकच जात.

जावाप्रेमी_मिरज

मंडळी, अवांतर आहे, पण राहवत नाही.

स्पीडवेच्या इंजिनांची नावं काढा आणि जावाचं नाव निघणार नाही असं होऊच शकत नाही! सुरुवातीची इंग्लंडची जॅप इंजिनं, मग चेकोस्लोव्हाकियाची जावा, आता इटलीची जीएम. चेकोस्लोव्हाकियात दिविशोव्ह गावी एसो नावाचा कारखाना होता, रेसिंगच्या गाड्या बनवायचा. साठीच्या दशकात तो जावात विलीन झाला आणि एसोच्या स्पीडवे गाड्यांवर जावाचं नाव आलं. तीच जावा, जिचा कारखाना रुस्तम आणि फारुख इराणींनी म्हैसूरला काढला. आपण जावा म्हटलं की डुगडुग करत जाणारी टू-स्ट्रोक आठवतो. तिकडे त्याच नावाची फोर-स्ट्रोक ब्रेकशिवाय वळणं घेत होती.

माझी १९६८ ची जावा आहे, वडिलांची. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवसाला बाहेर काढतो. किकनेच गिअर टाकायचा. आता सांगा, तिच्या चुलत बहिणीला ब्रेक नाही हे ऐकून मला किती आनंद झाला असेल.

उमा_डोंबिवली

ब्रेक नसल्याचा आनंद? जावाप्रेमी, तुमच्या मागे कधी बसणार नाही हो मी.

जावाप्रेमी_मिरज

माझ्या जावाला दोन्ही ब्रेक आहेत ताई, या मिरजेला. गाडीवर बसून जाऊ नदीच्या घाटापर्यंत.

टोरुन्यकर

पोलंडहून नमस्कार. इथे स्पीडवेला झुझेल म्हणतात आणि इथे तो दुय्यम खेळ अजिबात नाही. आमच्या टोरुन्यच्या मोटोअरीनात पंधरा हजारांवर माणूस बसतं आणि चांगल्या सामन्याला भरतं. जगातले चांगले रायडर इथल्या वरच्या लीगसाठी, एक्स्ट्रालीगासाठी राबतात, कारण पैसा इथे आहे. डॉक्टर, तुमच्या वर्किंग्टनचा डॅन ब्यूली आता इथल्या व्रोत्सुआफ शहराच्या संघासाठी खेळतो. आमच्याकडे रॉबर्ट लॅम्बर्ट, तोही ब्रिटिश. समोरासमोर आले की आमच्या स्टँडमध्ये मी एकटाच गप्प बसतो, कारण मला दोघंही आवडतात.

तर्ककर्कश यांना नम्रपणे सांगतो, टीव्ही पोलंडमध्येही आहे.

तर्ककर्कश

टोरुन्यकर, मान्य. हा मुद्दा मी मागे घेतो. मग ब्रिटनमध्ये का होत नाही? तिथेच तर खेळ वाढला ना?

सायलेन्सर

वाढला तिथे, जन्मला ऑस्ट्रेलियात, असं बहुतेक धरतात. १९२३ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या वेस्ट मेटलंडला जॉनी हॉस्किन्सने रात्रीच्या दिव्यात शर्यती भरवल्या. ब्रिटनमधला शर्यतींचा पहिला मोठा कार्यक्रम १९ फेब्रुवारी १९२८, एपिंगच्या जंगलात हाय बीच इथे. पुढच्याच वर्षी लीग सुरू झाल्या.

आणि खालच्या फळीचा इतिहास तर सर्वांत रंगतदार. पन्नासच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये थोडेच संघ उरले होते. १९६० मध्ये प्रोव्हिन्शियल लीग काढली, छोट्या गावांची, कमी खर्चाची. बंद पडलेले ट्रॅक उघडले. १९६४ मध्ये ती लीग नियामक मंडळाचा परवाना झुगारून चालली. शेवटी चौकशी समिती नेमावी लागली आणि १९६५ मध्ये ही आणि वरची, दोन्ही लीग मिळून ब्रिटिश लीग झाली. १९६८ ला पुन्हा दुसरी डिव्हिजन. १९७० मध्ये वर्किंग्टन आलं ते याच दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. म्हणजे वरची फळी अडचणीत आली तेव्हा खालच्या फळीने हात दिला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता "का होत नाही" याबद्दल. माझ्या मते एक कारण गुणांच्या मर्यादेत आहे. प्रत्येक रायडरची सरासरी काढतात : मिळवलेले गुण, साथीदाराच्या लगेच मागे आल्याचे बोनस गुण, सगळ्यांची बेरीज, त्याला धावलेल्या हीटनी भागायचं आणि चारने गुणायचं. संघ बांधताना सातही जणांच्या सरासरीची बेरीज ठरवलेल्या आकड्याच्या आत बसवावी लागते. तुम्ही जिंकलात की तुमच्या पोरांची सरासरी चढते. पुढच्या वर्षी तोच संघ मर्यादेत बसत नाही. म्हणजे जिंकलेला संघ मोडावाच लागतो! एकतर्फी लीग होऊ नये म्हणून केलेला नियम आहे, हेतू चांगला आहे. पण प्रेक्षकाला ज्याच्यावर जीव जडला तोच पोरगा पुढच्या मार्चमध्ये समोरच्या संघाचं हेल्मेट घालून येतो.

मैदानी

सायलेन्सर, हे तर भयंकरच! लीग जिंकली म्हणून संघ मोडा?

आर्या_लोदियन

मैदानी, आहे असंच. पण त्यामुळेच नव्या पोरांना जागाही मिळते. मी एडिंबराजवळ राहते, तिथल्या संघाचे, मोनार्क्सचे सामने बघते. ट्रॅक आर्मडेलला आहे, शहरापासून बराच पश्चिमेला.

मला रायडरांचं आयुष्य बघून गलबलून येतं. या फळीत मोठे पगार नाहीत. जेवढे गुण तेवढे पैसे, आणि गाड्या, टायर, इंजिनाची ओव्हरहॉल, व्हॅन, डिझेल सगळं स्वतःचं. सामना संपल्यावर पिट्स, म्हणजे गाड्या दुरुस्त करायची जागा, लोकांसाठी उघडतात, तेव्हा मी एकदा पाहिलं : एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा जमिनीवर बसून चेन धूत होता, शेजारी वडील मागचं चाक काढत होते. दोघंही बोलत नव्हते. मुलगा त्या दिवशी चार हीटमध्ये एक गुण घेऊन आला होता. वडिलांनी चाक काढलं, हात पुसले, पिशवीतून सँडविच काढून अर्धं त्याला दिलं. त्यानंतर दोघं चारशे किलोमीटरवरच्या गावी निघाले. दुसऱ्या दिवशी दुसरा सामना.

कित्येक जण वरच्या आणि खालच्या, दोन्ही लीगमध्ये एकाच वेळी धावतात. कुणी जखमी झाला तर दुसऱ्या संघाचा रायडर पाहुणा म्हणून येतो. आज तुमच्याविरुद्ध, परवा तुमच्यासाठी. सुरुवातीला विचित्र वाटतं, मग लक्षात येतं, हे एकमेकांना सांभाळून चाललंय.

सतरंजी_टाकून

सँडविच वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझा भाऊ कुस्ती खेळायचा. हरून आला की बाबा काही बोलायचे नाहीत, फक्त दुधाचा ग्लास पुढे करायचे.

मुक्काम_कंब्रिया

आर्या, किती अचूक लिहिलंत. वर्किंग्टनच्या पिट्समध्ये हेच.

आणि याच खालच्या फळीतून मोठे झालेले किती! ताय वॉफिंडेन तीन वेळा विश्वविजेता, २०१३, २०१५, २०१८. तो पोरसवदा असताना राय हाऊसला होता, आणि २००७ मध्ये राय हाऊसने ही दुसरी फळी जिंकली. क्रिस होल्डर २०१२ चा विश्वविजेता, तो आधी आइल ऑफ वाइटला. जेसन डॉईल २०१७ चा, तोही या फळीत वर्षानुवर्षं राबलेला.

ब्यूली तर आमच्याच भागातला. वर्किंग्टनच्या नॉर्थसाईडला पोरांना शिकवायचा छोटा ट्रॅक होता, तिथे तो लहानपणी घडला. मग बेल व्ह्यू कोल्ट्सकडून तिसऱ्या फळीत, मग कॉमेट्सकडून दुसऱ्या फळीत. २०२१ च्या ऑक्टोबरात मँचेस्टरला ब्रिटनने सांघिक विश्वविजेतेपद मिळवलं, १९८९ नंतर पहिल्यांदा. संघात लॅम्बर्ट, ब्यूली, वॉफिंडेन आणि टॉम ब्रेनन. वॉफिंडेन जखमी, म्हणून ब्यूली उतरला. मग २०२२ आणि २०२३, लागोपाठ दोन वर्षं कार्डिफला ब्रिटिश ग्रांप्री त्याने जिंकली. २०२२ ला तो पहिला आला तेव्हा आमच्या पोर्टरचा मला मेसेज आला. नुसतं एक वाक्य : "आपल्या चिखलातला पोरगा."

टोरुन्यकर

त्या २०२२ च्या कार्डिफला मी होतो. पोलंडच्या विश्वविजेत्या बार्तोश झ्मार्झ्लिकला हरवायला आमच्याकडे लोक नवस बोलतात, आणि हा शिडशिडीत मुलगा कडेकडेने, कुंपणाला खेटून, सगळ्यांना मागे टाकून निघून गेला. पोलिश लोकांनीही उभं राहून टाळ्या वाजवल्या.

तर्ककर्कश

मी वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. आवाज आणि धूळ याबद्दल माझं मत तेच आहे, शेजाऱ्यांचाही विचार हवा. पण ट्रॅक आधी होता आणि घरं नंतर आली, असं किती ठिकाणी झालं असेल? तसं असेल तर न्याय वेगळा लावायला हवा.

सायलेन्सर

तसं पुष्कळ ठिकाणी. गाड्यांना सायलेन्सर सक्तीचे आहेत (माझं नाव तिथूनच घेतलंय). सामन्याच्या वेळा ठरलेल्या, आठवड्यातून एकदा, मार्च ते ऑक्टोबर. तरी शहर वाढत गेलं की स्टेडियमची जमीन सोन्याच्या भावाची होते. कोव्हेंट्रीचं ब्रँडन २०१६ नंतर बंद. स्विंडनला २०१९ नंतर सामना नाही. पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन, दोन्हीकडे २०२३ चा सीझन शेवटचा. हे सगळे मोठे, जुने संघ, संघ म्हणून कमकुवत नव्हते. बहुतेकांच्या पायाखालची जमीन दुसऱ्याच्या मालकीची होती.

उलट उदाहरण ऑक्सफर्ड. २००७ नंतर स्पीडवे बंद, स्टेडियमला कुलूप. पण तिथे घरं बांधायला परवानगी मिळाली नाही, जागा तशीच राहिली. पंधरा वर्षांनी, २०२२ मध्ये ऑक्सफर्ड चीताज परत आले. त्याच जागेवर.

चाकणचा_गाडा

घाट राखला!

मैदानी

हेच म्हणत होतो.

जावाप्रेमी_मिरज

आपल्याकडे असं काही होऊ शकेल का? २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली तेव्हा मी मिरजेहून गेलो होतो. उड्या वगैरे भारी. पण दुसऱ्या दिवशी माती उचलून नेली आणि मैदान पुन्हा मोकळं. पोरांना रोज सरावाला जागा कुठेय? आमच्या भागात मोटोक्रॉस करणारी पोरं नदीकाठच्या वाळूत, वीटभट्टीच्या मागे सराव करतात.

सायलेन्सर

जावाप्रेमी, अगदी बरोबर. मोठा तमाशा एक दिवसाचा. छोटा ट्रॅक रोजचा. ब्यूली छोट्या ट्रॅकवर घडला.

उमा_डोंबिवली

डॉक्टर, पण तुम्ही एक सांगितलंच नाहीत. त्या आजींचं काय झालं? २०१९ ला त्या काय करायच्या?

मुक्काम_कंब्रिया

उमाताई, हे लिहायचं टाळत होतो.

२०१८ च्या शेवटच्या घरच्या सामन्याला त्या आल्या होत्या. पत्रिका भरली, बेरीज केली, खाली दोन रेघा मारल्या. मग थर्मास उघडला, रिकामा केला आणि ट्रॅकच्या कडेला वाकून थर्मासच्या झाकणात मूठभर शेल भरून घेतली. म्हणाल्या, बागेत टाकणार. आजूबाजूला बरेच जण तेच करत होते. कुणी पिशवीत, कुणी खिशात. शनिवार संध्याकाळी त्या काय करायच्या, मला ठाऊक नाही. दुसऱ्या वर्षी आमची बदली झाली.

पण धाग्याचं उत्तर मला मंडळींनीच दिलं. मैदानी, चाकणकर, सायलेन्सर, तिघांनी एकच सांगितलं आणि मला ते पटलं. कॉमेट्स परत आले ते नॉर्थसाईडला. पोरांना शिकवायच्या त्या जागेला धरून स्टेडियम उभारलं. २०२३ मध्ये तिसऱ्या फळीत उतरले, २०२५ मध्ये पुन्हा चॅम्पियनशिपमध्ये. ज्या छोट्या ट्रॅककडे मी जाता-येता पाहायचो आणि "पोरांचा खेळ" म्हणायचो, त्यानेच गावाचा संघ परत आणला.

तर्ककर्कश

डॉक्टर, हे तुम्ही धाग्याच्या पहिल्या प्रतिसादातच लिहिलं असतंत तर मी इतका भांडलो नसतो. नवीन जागेवर गेलात की नाही?

मुक्काम_कंब्रिया

अजून नाही. आता ब्रिस्टलजवळ असतो, गाडीने पाच-सहा तास. पोर्टरशी बोलणं झालंय, त्याच्याकडे मुक्काम आहे. रजेचा अर्ज टाकला आहे. मुलगी आठ वर्षांची झाली, तिला पहिल्यांदा नेणार. बॉलपेनला सुतळी बांधून ठेवलीये.

आर्या_लोदियन

मोनार्क्स वर्किंग्टनला जातील तेव्हाचा सामना निवडा, मीही येते. मुलीला सांगा, पहिल्या चार हीटचे गुण मी भरून देईन.

सतरंजी_टाकून

आणि भरलेल्या पत्रिकेचा फोटो इथे टाका. पंधराच्या पंधरा हीटचा.